उजव्या हातातला चुडा

३ नोव्हेंबर, सोमवार

निवड झाली! अंधेरीच्या फॅशन शोमध्ये नवीन डिझायनरांच्या फेरीत माझे सहा कपडे उतरणार. गार्गीचा फोन आला तेव्हा मी वर्सोव्याहून येऊन मढच्या धक्क्यावर पाय ठेवत होते. अशी काही किंचाळले की शेजारच्या मावशींची पाटी डोक्यावरून पडता पडता राहिली. त्यांनी मला जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

गार्गी बोरिवलीची. आम्ही दोघी एकाच क्लासला कटिंग शिकलो. ती आता अशा शोंची स्टायलिंग करते, म्हणजे कोणी काय घालायचं ते ठरवते आणि वर सगळ्यांवर ओरडते. तिनेच माझे फोटो पुढे सरकवले. सासूबाईंच्या लुगड्याच्या काष्ट्यावरून बेतलेल्या विजारी आणि वर कोळी रुमालाच्या चौकड्यांची जाकिटं. शेवटी डिझायनरने स्वतः आपला एक ड्रेस घालून चालायचं असतं. ते ऐकलं आणि आनंद गेला. मी आयुष्यात कधी गॅदरिंगच्या स्टेजवरही चढले नाही.

कृणालला सांगितलं तर म्हणाला, "झकास! आता तू मोठी मॅडम. दुकान टाकलंस की मला ठेव गं इस्त्रीला. सिरियसली बोलतोय." मी म्हटलं, चेष्टा पुरे. तो हसला आणि लगेच मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघत बसला. मासेमारीची बोट शुक्रवारी निघणार आहे, आजपासून काय बघायचं त्यात? नवऱ्याला आपल्या कामाचं कौतुक नसलं की फार एकटं वाटतं, हे आज स्पष्टच लिहून ठेवते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कृणालची बोट सकाळी गेली. तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, अंबादासकाका आहेत, म्हणजे काळजी नाही. सकाळी कृणालला उलटी झाली. मागच्या फेरीच्या आधीही झाली होती. याचं पोट भारी नाजूक, आणि बाहेरचं चटपटीत खायचं सोडवत नाही.

निघताना दर वेळी तो माझं उजवं मनगट धरतो आणि अंगठ्याने चाचपतो. आज दोनदा धरलं. म्हटलं, "सोड रे, लोक बघतात." त्याने सोडलं, पण चेहरा असा केला जसं काही मी त्याला हाकलूनच देतेय.

हे मनगटाचं प्रकरण माझ्या माहेरी कोणाला पटत नाही. मी दहिसरची, आमचे लोक मूळ मालवणकडचे, आजोबा गिरणीत होते. आमच्यात बायकांचे दोन्ही हात भरलेले असतात. इथे लग्नाच्या दिवशी माझ्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढून दर्याला दिल्या. दर्याने त्या ठेवायच्या आणि माझा नवरा परत द्यायचा. तेव्हापासून काच फक्त डाव्या हातात. मढमध्ये आता सगळ्या घरांत हे पाळत नाहीत, पण आमच्याकडे पाळतात. आमच्या सासूबाई, मथुराबाई, छाती पुढे काढून सांगतात, "माझा मानूस खाटेवर गेला, पान्यात नाय. दर्यान शब्द पालला."

मी पाळते. मानते की नाही, ते कोणी विचारलेलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज बोरिवलीला गार्गीकडे ट्रायल. माझा ड्रेस अंगावर बसला. खरंच चांगला बसला. गडद निळी काष्ट्याची विजार, हिरव्या काठाचं जाकीट, कोपरापर्यंत बाही. आरशात बघितलं आणि क्षणभर भीती पळाली. मग गार्गीने फोटो काढला आणि म्हणाली, "यार नेत्रा, एक हात भरलेला आणि एक रिकामा. अर्धवट दिसतंय ना."

मी तिला दर्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग राहू दे. उलट तीच स्टोरी सांगू आपण." ती तेवढ्यावर गप्प बसली होती. हे मी लिहितेय कारण पुढचं मीच बोलले. म्हटलं, "पाच मिनिटांचा तर वॉक आहे. घालते दोन्ही हातांत."

शोसाठीच म्हटलं मी. उगाच अर्धवट दिसायला नको.

पण खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय? मला हव्याच होत्या. लग्नात सगळ्या मुलींना दागिन्यांची हौस असते, मला फक्त हिरव्या चुड्याची होती. दोन्ही हात भरून, घट्ट, आईसारखा. आई भाकरी थापायची तेव्हा दोन्ही हातांतून आवाज यायचा. इथे आल्यावर माझ्या कात्रीच्या हाताचा आवाजच येत नाही. मालाडच्या बाजारातून जाताना मी बांगड्यांच्या दुकानासमोर मुद्दाम चपलेचा पट्टा नीट करत थांबते. डोहाळे लागल्यासारखं झालंय मला, आणि तेसुद्धा कशाचे, तर काचेचे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भरला हात. मालाडला कासाराने माझा हात हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाला, "ताई, डाव्याला दोन-चारचं माप होईल. उजवा मोठा आहे, काम करणारा. याला दोन-सहा घ्या." मला सैल, खुळखुळणाऱ्या नको होत्या. चुडा कसा मनगटाला धरून बसला पाहिजे. म्हटलं, दोन-चारच घाला. त्याने साबण लावला, माझा अंगठा आत मुडपला आणि एकेक करत डझनभर चढवल्या. शेवटच्यांना डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "काढताना इकडेच या. घरी ओढाताण करू नका."

दुकानाबाहेर येऊन मी उगाचच हात हलवत चालले. काय गोड आवाज! मी रस्त्यात एकटीच हसत होते.

मग मढच्या बसमध्ये बसले, वाटेत पाणी दिसलं आणि हात आपोआप ओढणीखाली गेला. पाण्यापासून लपवत होते मी. शिकलेली बाई, वय सत्तावीस, आणि समुद्र आपल्याकडे बघतोय असं वाटत होतं. घरी आले ती थंडी वाजतेय म्हणत शाल घेऊन बसले. नोव्हेंबरात मढला कोणाला थंडी वाजते? सासूबाईंनी एकदा बघितलं, बोलल्या काही नाहीत.

उद्या शो. परवा सकाळी मालाडला जाऊन काढून टाकीन. फक्त एक दिवस. एका दिवसात समुद्राला काय कळणार आहे?

१६ नोव्हेंबर, रविवार

कालचं आज लिहायला घेतेय.

शो झाला. सहाही मुली माझे कपडे घालून छान चालल्या. एका विजारीचा काष्टा आयत्या वेळी उसवला तो मी पडद्यामागे दातांनी दोरा तोडत शिवला. नंतर मी चालले. पाय माझे नव्हतेच, पण हात माझे होते. टाळ्यांमध्येसुद्धा मला माझ्या बांगड्या ऐकू आल्या. एवढं सुख मला कशानेच झालेलं नाही, लग्नानेही नाही. लिहायला लाज वाटते, पण ते तसंच होतं.

खाली उतरले. घाटकोपरच्या एका दुकानाच्या बाई जाकिटांबद्दल विचारत होत्या आणि त्याच वेळी सासूबाईंचा फोन आला.

"झाला काय तुझा शो? बरा झाला?"

म्हटलं, "हो आई, छान झाला."

"चल, बरा झाला. ऐक गो. वारा सुटलाय. आपल्या सगल्या बोटी आल्या. कृणालची नाय आली. वायरलेसला बोलत नाय. तू घाई नको करू. सावकाश ये."

मग मी घरी कशी आले ते आठवत नाही. दुकानवाल्या बाईंना काय उत्तर दिलं तेही नाही.

आज सकाळपासून बांगड्या काढतेय. मोरीचं दार लावून साबण, खोबरेल, मग शाम्पू. वरच्या काही निघाल्या. चार राहिल्यात. ओढून ओढून हात सुजला, आता त्या हलतसुद्धा नाहीत. एक चिरली आहे, तिची धार आत लागतेय.

फोडता येतील. बत्त्याचा एक घाव पुरे. पण माझी आई एखादी बांगडी पिचली तरी फुटली म्हणू द्यायची नाही, वाढली म्हण म्हणायची. नवऱ्याचा पत्ता नसताना हातातला चुडा स्वतःच्या हाताने फोडायचा? ते कोण करतं आणि कधी करतं, हे मला माहीत आहे. शेजारच्या काकू गेल्या वर्षी काकांच्या तिरडीशेजारी बसल्या होत्या, तेव्हा मी बघितलंय.

म्हणजे ठेवल्या तर सासरचा दर्या कोपणार, फोडल्या तर माहेरचा अपशकुन. दोन्ही घरच्या भीतीने मला बरोबर मध्ये गाठलंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

खबर नाही. मच्छीमार सोसायटीने वर कळवलंय, शोध चालू आहे म्हणतात. अंबादासकाकांच्या घरी बायका जमल्यात. मी गेले नाही. त्यांच्या घरातल्या कोणी माझा हात पाहिला तर?

मालाडला गेले. कासाराने शाल बाजूला केली आणि चुकचुकला. "किती सांगितलं होतं ताई. आता नाही निघायच्या. फोडू? दोन मिनिटांचं काम." त्याने हातोडी उचलली आणि मी पळाले. अक्षरशः पळाले. मागून तो हाका मारत होता.

दुपारी सासूबाईंनी माझ्या ताटात चमचा ठेवला. आमच्या घरात चमचा फक्त पाहुण्यांना देतात. वर माशाचे काटे काढून तुकडे माझ्या भातावर ठेवले, जशी मी लहान पोर आहे. मला कळलं. मुलगा सापडत नाही म्हणताच मी परकी झाले. नुसत्या माझं खाणं बघत बसल्या. मी शालीतून डावा हात काढून जेवले. डाव्या हाताने जेवते म्हणूनही त्या रागावल्या नाहीत, इतक्या तुटल्यात माझ्यापासून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डाव्या हाताने लिहितेय. अक्षराकडे बघवत नाही.

हात लाल. ठणका कोपरापर्यंत. ताप आहे.

गार्गी जबरदस्तीने डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, काच आत रुतलीय, आजच्या आज कापून काढू. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "अहो, बोटं काळी पडली तर?" मी म्हटलं, बोट येऊ दे. ते माझ्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत. त्यापुढे मी काही सांगू शकत नाही." गोळ्या दिल्या.

बाहेर गार्गी रडली. "तू कटर आहेस यार. हा हात गेला तर काय करशील? वेडी झालीस का?"

हो. झालेय बहुतेक. पण माझ्या एका हौसेपायी माणूस गेला तर हात ठेवून तरी काय करू? सगळं मीच केलं. गार्गी तर राहू दे म्हणाली होती. कासार दोन-सहा घ्या म्हणाला होता. मनात सारखं येतंय, तो तिकडे पाण्यात असेल आणि त्याला कळत असेल की माझं मनगट रिकामं नाही.

मला फार भीती वाटतेय. देवी, मला फार भीती वाटतेय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बोटं हलत नाहीत. दोन बोटांना स्पर्श कळत नाही. खबर नाही.

सकाळी मोरीत बसले होते. सासूबाईंनी बाहेरून हाक मारली, "उघड." मी नाही उघडलं. म्हणाल्या, "उघड गो पोरी. मना ठाव हाय."

उघडलं. त्यांनी माझी शाल ओढून काढली. मी त्यांच्या पायांवर पडून सगळं सांगितलं, शो, हौस, कासार, सगळं. मला वाटलं आता मारतील. त्यांनी विचारलं, "चमच्यान जेवता आला काय तुना?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"त्या दिशी शाल घेऊन आलीस तवाच समजला. आवाज नाय येत काय बांगड्यांचा? मी काय बहिरी हाय? बोललो नाय, म्हटला काढंल पोरगी आपनच."

मग त्यांनी वरवंटा आणला. मी किंचाळले. म्हटलं, "आई नको, कृणालची बोट येऊ दे. मी एकदा चूक केली, आता हे नको." त्यांनी माझा हात मांडीवर घेतला. सासरे गेल्यापासून त्या बांगडीला शिवत नाहीत. कोणाच्या ओटीभरणात बांगड्यांच्या ताटाजवळून जातानासुद्धा पदर आवरून घेतात. आज त्यांनी त्या चार हिरव्या बांगड्यांखाली आपलं बोट सारलं.

म्हणाल्या, "दर्याकडं माझा एक पोर हाय. ही दुसरी पोर मी नाय देनार."

आणि फोडल्या. चारही. प्रत्येक घावाला "आई एकवीरे" म्हणत होत्या आणि शेवटच्या घावाला त्यांचा आवाज फुटला. काच गोळा करताना त्यांचं बोट कापलं. आम्ही दोघी मोरीत बसून रडलो. मग त्याच मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. टाके पडले.

आता हात हलका आहे. भीती काडीचीही कमी झालेली नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आहेत! सगळे आहेत! इंजिन बंद पडलं, बॅटरी गेली, बोट वाऱ्याबरोबर वर उत्तरेकडे गेली. गुजरातच्या एका बोटीने दोर लावून जाफराबादला नेलं. अंबादासकाकांच्या घरी फोन आला आणि गल्लीत ओरडा झाला. सासूबाई मासे कापत होत्या. कोयता टाकून उठल्या आणि देवाकडे न जाता आधी माझ्याकडे आल्या.

मी हिशोब लावत बसले होते की ते कधी वाचले, बांगड्या होत्या तेव्हा की फोडल्या तेव्हा. दर्या रागावला होता की नव्हता. काही जमेना. सासूबाई म्हणाल्या, "आता तरी झोप गो."

२३ नोव्हेंबर, रविवार

कृणाल काल घरी आला. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. आंघोळ करून झोपला. आज दुपारी तिघं जेवायला बसलो. त्याने माझा बांधलेला हात पाहिला. मला राहवेना. मी सांगून टाकलं. तू पाण्यात होतास आणि माझ्या उजव्या हातात चुडा होता. हौस होती म्हणून घातला. सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हते, ताटाकडे बघत होते. म्हटलं, आता तो उठून जाईल.

तो म्हणाला, "माझं मन बोलत होतं की हात रिकामा आहे. बोट वाहत गेली तेव्हा रोज स्वतःला तेच सांगत होतो."

मी रडायला लागले.

"अगं ऐक ना. त्याने काही फरक नाही पडला. रिकामा आहे असं वाटत होतं तरी माझी फाटलेलीच होती. दर फेरीला फाटते. निघायच्या दिवशी उलट्या होतात. तुझं मनगट धरतो ना, ते त्यासाठीच. किती वेळा तुला बोललो, मला दुकानात ठेव, इस्त्री करीन. तू हसायचीस."

मी एकदाही हसले नव्हते. चिडले होते. ते आणखी वाईट.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या फेरीपासून."

सासूबाईंच्या हातात भाताचा वाडगा होता. तो तसाच राहिला. म्हणाल्या, "तुझा बापूस पन घाबरायचा. जायच्या दिशी पोरासारका माज्या पदराला धरून बसायचा. मीच ढकलायचो त्याला दारातून."

कृणाल त्यांच्याकडे बघत होता. माझ्यासारखंच त्यानेही हे पहिल्यांदा ऐकलं असावं. हळूच म्हणाला, "मग आय, मला का पाठवलंस?"

त्यांनी वाडगा खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"मना वाटला, तू नाय घाबरत."

मग कृणालने ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागला. मी हे डाव्या हाताने सावकाश लिहितेय. तो घाबरत नाही, असं मलाही वाटलं होतं.